तहान लागण्याआधीची विहीर : राउटर पर्यायी वाट कशी निवडतात, याचा इतिहास

१/
रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताखाली फायबरची केबल येते आणि तुटते. त्या क्षणी तिच्यातून कुणाचे संभाषण, कुणाचा पैशांचा व्यवहार, कुणाची ऑनलाइन परीक्षा चाललेली असते. पुष्कळदा यांपैकी कुणालाच काही कळत नाही. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सारी वाहतूक दुसऱ्या वाटेला लागलेली असते.

ही दुसरी वाट कोण शोधतो आणि केव्हा? उत्तर अनपेक्षित आहे. ती केबल तुटल्यावर शोधलेली नसते. #धागा

२/
तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडचे जुने शहाणपण. संगणकांचे जाळे विणणाऱ्यांना ते पुरते अंगी बाणवायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. या चाळीस वर्षांच्या मुळाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : "ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर मी आहे, त्याची स्वतःची वाट माझ्याच दारातून तर जात नाही ना?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्याभोवती फिरतो.

३/
प्रारंभ शीतयुद्धातला. अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन हा अभियंता १९५९ साली रुजू झाला. त्याच्यापुढचा पेच भीषण होता. अणुहल्ल्यात मुख्य टेलिफोन केंद्रे नष्ट झाली, तर उरलेल्यांनी एकमेकांशी बोलायचे कसे? तेव्हाची दूरध्वनी व्यवस्था मोजक्या मोठ्या केंद्रांवर टांगलेली होती. केंद्र पडले की त्याच्याखालचे सारे मुके.

४/
१९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालमालेत बॅरनने तीन प्रकारची जाळी मांडली : एका केंद्राचे, अनेक केंद्रांचे आणि केंद्रच नसलेले. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक ठाणे आसपासच्या अनेक ठाण्यांना जोडलेले असते, अगदी मासेमारीच्या जाळ्यासारखे.

त्याच्या गणिताचा निष्कर्ष दिलासा देणारा होता. प्रत्येक ठाण्याला शेकडो जोडण्यांची गरज नाही. कमीत कमी जोडण्यांच्या तीन-चारपट जोडण्या असल्या, तरी मोठा विध्वंस होऊनही उरलेली ठाणी बहुतांशी एकमेकांशी जोडलेली राहतात.

५/
येथे एक गैरसमज दूर करू. "अणुयुद्धात टिकावे म्हणून इंटरनेट जन्मले" हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते बॅरनच्या संशोधनाला लागू पडते, आर्पानेटला नाही. आर्पानेट उभारले गेले ते महागडे संगणक दूरवरच्या संशोधकांना वाटून वापरता यावेत म्हणून. संदेशाचे तुकडे करून पाठवण्याची कल्पना मात्र दोहोंत समान होती. त्या तुकड्याला "पॅकेट" हे नाव दिले ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी.

६/
२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते.

त्याच वर्षाअखेरच्या चार ठाण्यांच्या नकाशाकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड आणि सांता बार्बरा यांचा त्रिकोण होता, म्हणजे एक दुवा तुटला तरी दुसरी वाट शिल्लक. चौथे ठाणे युटा. ते केवळ स्टॅनफर्डशी, एकाच दुव्याने जोडलेले! पर्यायी वाट असणे आणि नसणे, दोन्ही गोष्टी पहिल्याच नकाशात शेजारी शेजारी होत्या.

७/
आता वाट निवडण्याची रीत पाहू. पॅकेटवर पोहोचण्याचे ठिकाण लिहिलेले असते. मधले प्रत्येक यंत्र, ज्याला आज आपण राउटर म्हणतो, पत्ता वाचून पॅकेट पुढच्या शेजाऱ्याच्या हाती देते. संपूर्ण प्रवासाचा मार्ग कुणी एक जण ठरवत नाही.

आर्पानेटच्या आरंभीच्या यंत्रांना दूरचा नकाशा ठाऊकच नव्हता. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याला विचारी, "अमुक ठाणे तुझ्यापासून किती दूर?" आणि त्या उत्तरात स्वतःचे अंतर मिळवून पुढच्याला सांगे. थोडक्यात, सारा कारभार ऐकीव माहितीवर.

८/
ऐकीव माहितीचा दोष दुवा तुटल्यावर दिसतो. समजा, माझा ठाण्याकडे जाणारा दुवा तुटला. शेजारी म्हणतो, "काळजी नको, माझ्याकडे वाट आहे." मी पॅकेट त्याला देतो. पण त्याची ती वाट माझ्यामार्फतच होती! तो पॅकेट मलाच परत करतो. मी पुन्हा त्याला. दोघेही प्रत्येक फेरीत अंतराचा आकडा वाढवत राहतो आणि पॅकेट दोघांच्या मध्ये घुटमळत राहते.

पुढे आरआयपी नावाच्या नियमावलीत यावर कठोर तोड निघाली : अंतर १६ झाले की ते ठिकाण अप्राप्य समजायचे. आजार बरा झाला नाही, फक्त त्याला मुदत घालून दिली गेली.

९/
खरा उपाय मात्र कधीचाच छापून ठेवलेला होता. १९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये एड्सगर डाइकस्ट्रा हा तरुण आपल्या वाग्दत्त वधूसह खरेदी करून दमला आणि एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घ्यायला बसला. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कसा काढावा, हा विचार त्याच्या मनात होता. त्याच्याच आठवणीनुसार, कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत रीत सुचली. १९५९ साली ती अवघ्या तीन पानांत छापून आली.

१०/
पण डाइकस्ट्राच्या रीतीला संपूर्ण नकाशा लागतो. १९७९ साली आर्पानेटने तो बदल केला. आता प्रत्येक यंत्र फक्त आपल्या दुव्यांची खबर देई, पण ती साऱ्या जाळ्याला देई. सगळ्या खबरी जोडून प्रत्येकाकडे एकसारखा नकाशा तयार होई आणि प्रत्येक जण स्वतः हिशेब करी.

अफवेकडून नकाशाकडे झालेले हे स्थित्यंतर या इतिहासातले सर्वांत मोठे. ज्याच्याकडे नकाशा आहे, तो शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. त्याची वाट कुठून जाते हे तो स्वतः पाहू शकतो.

११/
नकाशा मात्र खरा हवा. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट कित्येक तास निकामी झाले. कुठलीही केबल तुटलेली नव्हती. ५० क्रमांकाच्या यंत्राच्या नावाने तीन खबरी जाळ्यात फिरत होत्या, अनुक्रमांक ८, ४० आणि ४४. शेजारच्या २९ क्रमांकाच्या यंत्राच्या बिघडलेल्या स्मृतीतून आकड्यांचे काही अंश गळाले आणि एकाच खबरीच्या तीन झाल्या.

१२/
अनुक्रमांक घड्याळाप्रमाणे चक्राकार मोजले जात. त्या चक्रात ४० हून ४४ नवा, ४४ हून ८ नवा आणि ८ हून पुन्हा ४० नवा! तिन्ही खबरी एकमेकींना "जुनी" ठरवत अखंड फिरत राहिल्या आणि यंत्रे त्यांच्यातच गुंतून पडली. अखेर "५० क्रमांकाकडून आलेली कोणतीही खबर ऐकू नका" अशी दुरुस्ती यंत्रांत घालावी लागली. एरिक रोझेन यांनी १९८१ साली या दुर्घटनेचा वृत्तांत लिहिला. तो आजही वाचनीय आहे.

१३/
या धड्यातून पुढची पिढी शहाणी झाली. रेडिया पर्लमन यांनी खबरी पसरवण्याची अशी पद्धत मांडली, की बिघडलेली माहिती कालांतराने आपोआप विझून जावी. १९८९ साली जॉन मॉय यांच्या लेखणीतून ओएसपीएफ ही नियमावली आली. नकाशा, डाइकस्ट्राचा हिशेब आणि खबरींची काटेकोर शिस्त, हा त्या नियमावलीचा गाभा. ती आजही जगभर वापरात आहे.

सारे प्रश्न सुटले? नाही. आता प्रश्न वेळेचा होता.

१४/
दुवा तुटल्यावर चार कामे ओळीने होतात. एक, तुटल्याचे कळणे. दोन, खबर सर्वांना पोहोचवणे. तीन, प्रत्येकाने नवा हिशेब करणे. चार, तो आपल्या यंत्रात उतरवणे.

ओएसपीएफच्या प्रचलित आकड्यांनुसार राउटर दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हाक देतो आणि ४० सेकंद उत्तर आले नाही, तर तो गेला असे मानतो. सेकंदाला १० अब्ज बिट वाहून नेणाऱ्या भरगच्च दुव्यावर ४० सेकंद म्हणजे पूर्ण आकाराची तीन कोटींहून अधिक पॅकेटे. सगळी वाया.

१५/
दूरध्वनी कंपन्यांचे अभियंते याकडे पाहून हसले असतील. त्यांच्या फायबरच्या वर्तुळाकार जाळ्यांत दोष आढळल्यापासून ५० मिलिसेकंदांत वाहतूक उलट दिशेला वळवण्याचा दंडक होता. कारण साधे : दुसरी वाट आधीपासून राखून ठेवलेली असे. शोध नाही, हिशेब नाही, फक्त कळ फिरवायची.

किंमतही तशीच होती. जवळजवळ निम्मी क्षमता एरवी रिकामी पडून राही. इंटरनेटच्या अभियंत्यांना तोच वेग हवा होता, पण निम्मे जाळे राखीव न ठेवता.

१६/
पहिले यशस्वी उत्तर "एमपीएलएस" मधून आले. यात पॅकेटवर एक लहानशी चिठ्ठी लावतात आणि मधली यंत्रे ती चिठ्ठी पाहूनच पॅकेट पुढे ढकलतात. प्रत्येक दुव्याला वळसा घालणारा चोरमार्ग आधीच आखून ठेवायचा. दुवा तुटताच त्याच्या तोंडाशी असलेला राउटर पॅकेटवर आणखी एक चिठ्ठी चिकटवून ते चोरमार्गाने पलीकडे नेतो. मे २००५ मध्ये आरएफसी ४०९० या दस्तऐवजाने ही रीत प्रमाणित केली. मोठ्या जाळ्यांत मात्र असे असंख्य मार्ग आखणे आणि सांभाळणे हेच एक ओझे होऊन बसे.

१७/
चिठ्ठ्यांशिवाय, साध्या जाळ्यात हे साधेल का? येथे आपला मूळ प्रश्न परततो. दुवा तुटताच पॅकेट दुसऱ्या शेजाऱ्याला देता येईल, पण त्या शेजाऱ्याला अजून काहीच ठाऊक नाही. तो जुन्याच नकाशाने चालेल. त्याची वाट माझ्या दारातून असेल, तर पॅकेट परत येईल.

एक ढोबळ कसोटी १९९३ साली गार्सिया-लुना-असेव्हेस यांच्या संशोधनातून पुढे आली होती : जो शेजारी ठिकाणाच्या माझ्याहून जवळ आहे, त्याची सर्वांत जवळची वाट माझ्यावरून जाऊच शकत नाही. सिस्कोच्या ईआयजीआरपीत हीच कसोटी राखीव शेजारी निवडते.

१८/
सप्टेंबर २००८ मध्ये आलिया ॲटलास आणि ॲलेक्स झिनिन यांच्या आरएफसी ५२८६ ने ही कसोटी नेमकी केली. राउटरकडे पूर्ण नकाशा असतोच. मग त्याने डाइकस्ट्राचा हिशेब स्वतःपुरता करून थांबू नये. शेजाऱ्याच्या जागी बसूनही तो करावा.

नियम असा : शेजाऱ्यापासून ठिकाणाचे अंतर हे "शेजाऱ्यापासून मी, अधिक माझ्यापासून ठिकाण" या बेरजेपेक्षा कमी असेल, तरच तो शेजारी सुरक्षित.

१९/
उदाहरण घेऊ. "क" ला "घ" कडे जायचे आहे. क ते ख १०, ख ते घ १०. म्हणून क ची नेहमीची वाट ख वरून, एकूण २०. दुसरा शेजारी ग, क पासून १० वर.

ग ते घ अंतर १५ असेल तर? बेरीज १० + २० = ३०. १५ हे ३० हून कमी. ग सुरक्षित.

ग ते घ अंतर ५० असेल तर? ग ची जवळची वाट क वरूनच जाते, अंतर ३०. ३० हे ३० हून कमी नाही. ग कडे दिलेले पॅकेट परत येणार. ग बाद.

२०/
या नियमाचे सौंदर्य त्याच्या वेळेत आहे. हा हिशेब सारे सुरळीत असताना, शांतपणे होतो. उत्तर यंत्रात आधीच लिहून ठेवले जाते. दुवा तुटला की राउटर कुणाला विचारत नाही, कुणाची वाट पाहत नाही, थेट राखीव शेजाऱ्याकडे वळतो. जगाला खबर देणे आणि नवा हिशेब करणे सावकाश मागून होते.

तुटल्याचे चटकन कळावे म्हणून बीएफडी ही नाडीपरीक्षाही आली, जी मिलिसेकंदांच्या अंतराने शेजाऱ्याची चाचपणी करते. ती २०१० साली प्रमाणित झाली.

२१/
पण प्रत्येक नकाशात असा शेजारी सापडत नाही. पाच राउटरांचे वर्तुळ घ्या : क, ख, ग, घ, च, सगळी अंतरे १. क–ख दुवा तुटला आणि ख कडेच जायचे आहे. दुसरा शेजारी च. त्याला ख कडे क वरून २, उलट बाजूने ३. तो पॅकेट परत करणार.

२०१५ सालच्या आरएफसी ७४९० ने सुचवले : मग शेजाऱ्याच्या पलीकडे पाहा. क पासून घ पर्यंत तुटलेला दुवा न ओलांडता जाता येते आणि घ पासून ख ची जवळची वाट ग वरून आहे. पॅकेटवर घ च्या पत्त्याचे वेष्टन चढवायचे. घ ते काढतो आणि पॅकेट सुखरूप पुढे जाते.

२२/
यापुढची पायरी सेगमेंट राउटिंगची, जिची रचना २०१८ साली प्रमाणित झाली. यात पॅकेट स्वतःबरोबर वाटेतल्या थांब्यांची यादीच घेऊन निघते. त्यामुळे नकाशाचा आकार कसाही असो, जमिनीवर वाट शिल्लक असेल तर ती आधीच हेरून यादीत उतरवता येते. जाळे सावरल्यावर वाहतूक ज्या मार्गाने जाणार, तोच मार्ग पहिल्या क्षणापासून धरता येतो.

बॅरनचे स्वप्न गणिताने पूर्ण केले, असे वाटावे असा हा क्षण. पण "जमिनीवर वाट शिल्लक असेल तर" या शब्दांपाशी थांबा.

२३/
१८ जुलै २००१. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरली आणि रसायनांनी पेट घेतला. त्याच बोगद्यातून अनेक कंपन्यांच्या फायबर केबली जात होत्या. नकाशावर त्या वेगवेगळ्या रेषा होत्या. जमिनीवर मात्र एकच भोक. आगीत त्या एकत्रच जळाल्या.

राउटरला दोन दुवे दिसतात. ते एकाच चरातून जातात हे त्याला दिसत नाही. ते माणसाने त्याला सांगावे लागते. अशा सहभागी धोक्याच्या नोंदी ठेवणे आणि राखीव वाट निवडताना त्या पाहणे, हा या शास्त्राचा भाग झाला तो अशा अनुभवांतून.

२४/
आणि आता आपल्या दारातली गोष्ट. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबली तुटल्या : सी-मी-वी ४ आणि फ्लॅग युरोप-एशिया. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. कंपन्या निराळ्या, केबली निराळ्या, नकाशावरच्या रेषाही निराळ्या. पण भूमध्य समुद्र आणि सुएझची अरुंद वाट दोघींना सामाईक. भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणारी वाहतूक कोलमडली. ती पूर्वेकडून, प्रशांत महासागराचा लांब वळसा घालून न्यावी लागली.

ज्या वर्षी राखीव शेजाऱ्याचा नियम प्रमाणित झाला, त्याच वर्षी त्याची मर्यादाही दिसली.

२५/
नियम चुकला नव्हता. गणित अस्तित्वात असलेल्या वाटांतूनच निवड करू शकते, नवी वाट निर्माण करू शकत नाही. १९६९ सालच्या युटाला कोणताही हुशार हिशेब वाचवू शकला नसता. त्याला दुसरी तार हवी होती.

म्हणून या इतिहासाचे सार दोन वाक्यांत : संकटातले उत्तर संकटाआधी काढून ठेवावे. आणि ज्याच्यावर विसंबायचे, त्याची वाट आपल्याच दारातून, किंवा आपल्याच बोगद्यातून, जात नाही ना, हे शांततेच्या काळात तपासावे.

२६/
तुमच्या घरात २००८ साली मुंबई-पुण्याच्या संगणक-सेवा क्षेत्रात कुणी काम करत असेल, तर त्यांना जानेवारीअखेरचे ते दिवस आठवतात का, हे जरूर विचारा आणि त्यांच्या आठवणी खाली लिहा. तारांचा इतिहास कागदपत्रांत सापडतो. त्या तुटल्यावर माणसांचे काय झाले, हा इतिहास मात्र आठवणींतच असतो आणि तो वेळेत नोंदवला नाही तर त्याला पर्यायी वाट नाही.

धागा समाप्त.